आजाऱ्याला मोटारसायकलवर मध्ये बसवण्याआधी

आमच्या भागात आजारी माणसाला दवाखान्याला न्यायची एक ठरलेली रीत आहे. एक जण मोटारसायकल चालवणार, आजारी मध्ये, आणि त्याला मागून कवळ घालून तिसरा. साप चावलेला असो, तापानं फणफणलेला असो, झाडावरून पडलेला असो, सगळे असेच येतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या किंवा भीमगडच्या रानाकडेच्या वाड्यांवर गाडी मागवून तिची वाट बघत बसायला कुणी तयार नसतं, आणि त्यासाठी त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेक दुखण्यांत ही रीत चालून जाते. एका दुखण्यात मात्र ती मधली सीटच जीव घेते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. वीसेक वर्षांमागची गोष्ट. एप्रिल महिना, काजूचे दिवस. चाळिशीतला एक धडधाकट गडी बोंडू गोळा करत होता, झुडपात हात घातला तो नेमका गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. डंख दोन-तीनच. बरोबरच्यांनी विळ्याचं पातं घासलं, चुना लावला. हा म्हणाला, "काय नाही गा, चला." दहा मिनिटांत तळहाताला खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, मग ओकारी, मग डोळ्यांपुढं अंधारी. पोरांनी त्याला गाडीवर मध्ये घातलं. माझ्या दुकानापुढं गाडी थांबली तेव्हा तो शुद्धीवर होता. ओठ सुजलेले, चेहरा पांढराफटक. मी ॲलर्जीवरची एव्हिलची गोळी दिली, पाणी पाजलं आणि पुढं पाठवलं. दवाखान्याच्या पायरीवर उतरवला तेव्हा नाडी लागत नव्हती. गावात अजून सांगतात, माशीचं निमित्त झालं, पोरगा अटॅकनं गेला.

अटॅक नव्हता तो. त्याच्या हृदयाच्या नळ्या बंद पडल्या नव्हत्या. आणि मी दिलेल्या गोळीचा त्या घटकेला काही उपयोग नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

याला डॉक्टरी भाषेत ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲलर्जीच, पण एका जागी न थांबता सगळ्या अंगात एकदम उसळणारी. आपल्या कातडीखाली, श्वासनळीच्या आणि आतड्याच्या अस्तरात, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेनं मास्ट नावाच्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन आणि तसलीच तिखट रसायनं ठासून भरलेली असतात. या पेशींच्या पाठीवर आयजीई नावाची प्रतिद्रव्यं चिकटलेली असतात, प्रत्येक जण एका विशिष्ट पदार्थाची ओळख धरून बसलेलं. तो पदार्थ अंगात शिरला, शेजारच्या दोन आयजीईंना एकदम अडकला, की मास्ट पेशी आपली सगळी शिदोरी बाहेर ओतते. एका कोपऱ्यात असं झालं तर आपण म्हणतो पित्त उठलं, आणि आमसुलाचं पाणी लावतो. अंगभर झालं तर पुढचा हिशोब मिनिटांचा असतो.

त्या मिनिटांत आत काय होतं, हे ऊस लावणाऱ्याला समजावायला मला कधी कष्ट पडत नाहीत. विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढं आणा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला. लाईट आहे, स्टार्टर ठीक आहे, मोटार घुमतेय, आवाजसुद्धा येतोय. पण पाटात पाणी नाही, मोटार हवा ओढतेय. तुम्ही मोटार खोलून बसलात तर दिवस जाईल, कारण मोटारीत बिघाडच नाही.

हृदयाचं इथं तेच होतं. हिस्टामिन आणि कंपनीमुळं शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावतात, म्हणजे तेवढ्याच पाण्याला दुप्पट मोठी विहीर. त्याच वेळी त्यांच्या भिंती पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी आजूबाजूच्या मांसात निघून जातं. 10 मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतला 35 टक्क्यांपर्यंत द्रव असा बाहेर जाऊ शकतो. बाहेर एक थेंब रक्त सांडलेलं नाही, आणि आत माणूस कोरडा पडत चाललाय. हृदयाकडे परत येणारं रक्तच आटतं. ते जिवाच्या आकांतानं धडधडतं, पण आत भरायलाच काही नाही तर बाहेर काय ढकलणार? अशा माणसाला ईसीजी लावला तर पट्टीवर बऱ्याचदा रेघा हलताना दिसतात आणि मानेला नाडी मात्र नसते. लाईट आहे, पाणी नाही. म्हणूनच हृदय बंद पडल्यावर छातीला जो विजेचा झटका देतात, त्याचा इथं सहसा उपयोग होत नाही. तो बिघडलेला ताल सुधारण्यासाठी असतो, रिकामी विहीर भरण्यासाठी नाही.

जोडीला श्वासाची बाजू असतेच. घसा सुजतो, आवाज घोगरा होतो, बारीक श्वासनळ्या आवळून छातीत शिट्टी वाजते आणि रक्तात प्राणवायू कमी पडतो. खाण्यातून झालेल्या ॲलर्जीत बहुतेक वेळा हा श्वासाचा रस्ताच घात करतो. माशीच्या डंखात आणि इंजेक्शनात जास्त करून रक्तदाब कोसळतो.

आता परत मोटारसायकलवर या. आडव्या माणसाच्या पायांतलं, पोटातलं रक्त हृदयाच्याच पातळीला असतं, जेमतेम का होईना परत येत राहतं. त्यालाच बसतं केलं, उभं केलं, की उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी असे मृत्यू एकेक करून तपासले. 2003 साली त्यांनी लिहिलं की काही जण आडवे असेपर्यंत तग धरून होते, त्यांना उठवलं किंवा बसवलं आणि काही सेकंदांत ते गेले. हे वाचलं त्या रात्री मला त्या गड्याची गाडी दिसत राहिली. पाय खाली लोंबतायत, पाठ ताठ, मागून पोरानं घट्ट धरलंय. त्याला पडू न देण्याची जेवढी काळजी पोरं घेत होती, तेवढं त्याचं हृदय रिकामं होत होतं.

"पण गेल्या वर्षीपण माशी चावली होती, काही झालं नव्हतं," असं घरचे म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. मागच्या वेळी चावली म्हणूनच या वेळी झालं, असंही म्हणता येईल. हा उलटा कारभार पहिल्यांदा नीट पाहिला तो फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी. कुत्र्यांना समुद्रफुलाच्या विषाचा थोडा डोस देऊन त्यांना त्या विषाची सवय लावावी, असा त्यांचा बेत होता. नेपच्यून नावाच्या कुत्र्यानं पहिला डोस आरामात पचवला. तीन-एक आठवड्यांनी तेवढाच डोस परत दिला, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण करायला गेलो आणि उलटंच झालं, म्हणून त्यांनी 1902 साली ॲनाफिलॅक्सिस हे नाव काढलं, ग्रीक शब्द जोडून, 'संरक्षणाच्या उलट' अशा अर्थाचं. रिशेंना याबद्दल 1913 चं नोबेल मिळालं. पहिली भेट शरीराला फक्त ओळख करून देते, हत्यार त्यानंतर तयार होतं. ते कधी आणि कुणाच्या अंगात तयार होईल, हे चेहऱ्यावरून कळत नाही.

आपल्याकडे हे कशानं होतं? गांधीलमाशी आणि मधमाशी. गडाच्या कड्याला, पाण्याच्या टाकीला, उंच झाडांना लागणारं आग्यामोहोळ, कानडीत ज्याला हेज्जेनु म्हणतात ते. मोहोळ उठून शेकडो माश्या डसल्या तर ॲलर्जी नसलेला माणूसही निव्वळ विषाच्या मात्रेनं दगावू शकतो, आणि वाचला तरी मूत्रपिंडांवर घाव बसतो. ते वेगळं प्रकरण, तिथं पळणं आणि तोंड झाकणं एवढंच हातात असतं. ॲलर्जीवाल्याला एक डंख पुरतो. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची विषाची पिशवी थोडा वेळ पंप मारत राहते, म्हणून तो नखानं, चिमटीनं, जसा निघेल तसा लगेच काढायचा. नखानं खरवडावा की चिमटीनं ओढावा, यावर वाद घालण्यात जेवढा वेळ जातो तेवढं विष जास्त जातं. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तीच परत डसते.

दुसरं कारण इंजेक्शन. "सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही" हा आमच्याकडचा जुना हट्ट. पेनिसिलिनच्या घराण्यातली आणि इतर अँटिबायोटिकं, दुखण्यावरची डायक्लोफिनॅकसारखी इंजेक्शनं, कधीमधी यांची ॲलर्जी उसळते. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिनंही होऊ शकते, म्हणून ती लावताना उतारा शेजारी भरून ठेवतात. त्या भीतीनं लस टाळायची मात्र नाही, नाग-मण्यारीच्या विषाला दुसरं औषध नाही.

तिसरं खाणं. कोळंबी, शेंगदाणे, अंडी, दूध आणि काजू. काजूबद्दल आमच्याकडे एक घोळ आहे. टरफलाच्या तेलानं हात भाजतात, कातडी सोलते, त्याला लोक काजूची ॲलर्जी म्हणतात. तो कातडीपुरता मामला आहे. गर खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजून श्वास अडकणं हे निराळं, आणि तेच धोक्याचं.

पम्फ्रींनी 2000 साली आणखी एक हिशोब मांडला होता. जे दगावले त्यांचा श्वास किंवा हृदय किती वेळात थांबलं? निम्म्या जणांत, खाण्यातून झालं असेल तर 30 मिनिटांच्या आत, डंखातून 15, आणि दवाखान्यात दिलेल्या औषधातून 5. खानापूर ते बेळगाव सुमारे 25 किलोमीटर आहे. कणकुंबीहून त्याच्या दुप्पट. पलीकडे चंदगडचे लोकही मोठ्या दुखण्याला बेळगावलाच येतात. घड्याळ आणि रस्ता यांचा मेळ बसत नाही, म्हणून जे काही करायचं त्यातलं पहिलं जिथं माणूस पडलाय तिथंच करायचं असतं. घाबरून जाऊ नका म्हणून हेही सांगतो, या आजारानं गाठलेल्यांतले बहुतेक सगळे वाचतात, मरणारे शंभरात एकाहून कमी. पण ते कमी राहण्यामागं वेळेवर मिळालेलं औषध मोठं कारण आहे.

ओळखायचं कसं? डंख, औषध किंवा खाणं झाल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, आणि त्याबरोबर श्वासाची किंवा रक्तदाबाची एखादी खूण: घोगरा आवाज, सततचा खोकला, छातीत घरघर, चक्कर, अंधारी. पोटात पिळवटून कळा आणि ओकारी येऊ शकते. काही जण नुसतंच म्हणतात, "मी आता जगत नाही." ही चेष्टा समजू नका, ते नोंदवून ठेवण्यासारखं लक्षण आहे. आणि दहातल्या एक-दोघांना अंगावर काहीच उठत नाही. पित्त नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असं धरून कितीतरी वेळ वाया जातो. ज्या माणसाला मागे डंखानं एकदा अंगभर त्रास झालाय, त्याला दुसऱ्यांदा चावल्यावर लक्षणांची वाट बघत घरी बसू देऊ नका.

आता करायचं काय. माणसाला आडवा करा, पाय वर. शेतात असाल तर बांधावर पाय टेका, घरात असाल तर उशा, तांदळाचं पोतं, काहीही. श्वास फार लागला असेल, झोपवलं की घुसमटत असेल, तर बसू द्या पण पाय लांब पसरून. पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर. ओकत असेल, बेशुद्ध पण श्वास चालू असेल, तर कुशीवर. बरं वाटतंय म्हणाला तरी "जरा उठून परसाकडं जाऊन येतो" हे चालू द्यायचं नाही. न्यायचं झालं तर 108 ची गाडी, नाहीतर टेम्पो, जीप, ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा चालेल, जिच्यात आडवा झोपवता येईल अशी. कारमध्ये मागची सीट. मोटारसायकल नको.

औषध एकच: अड्रेनॅलिन. शंभराहून जास्त वर्षांचं जुनं, आणि अजून त्याला पर्याय नाही. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, पाझर थांबवतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींना आवर घालतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरच्या अँप्युलातलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. फरक पडला नाही तर 5 मिनिटांनी परत. मुलांना वजनाप्रमाणं. मांडीच का? 1998 साली मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं औषध रक्तात कमाल पातळीला साधारण 8 मिनिटांत पोचलं, दंडाच्या कातडीखाली दिलेलं 34 मिनिटांत. पंधरा मिनिटांच्या खेळात हा फरक म्हणजे सगळंच.

एव्हिल आणि डेक्सा ही जोडगोळी आमच्याकडे ॲलर्जी म्हटलं की पहिली निघते. एव्हिलनं खाज आणि गांधी कमी होतात, तेही सावकाश. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांवर तिचा इलाज चालत नाही. डेक्सासारखं स्टिरॉइड कामाला लागायलाच काही तास घेतं. ही औषधं वाईट नाहीत, पण अड्रेनॅलिनच्या आधी देऊन वाट बघत बसणं वाईट. आणि तरीही चांगले शिकलेले लोक अड्रेनॅलिनला कचरतात. "हृदयाला झटका बसेल" ही भीती. ती शिरेतून भलत्या मात्रेत दिलेल्या औषधाच्या अनुभवातून आलीय. मांडीत दिलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमनं हात थरथरतात, छाती धडधडते, चेहरा पांढरा पडतो आणि माणूस जगतो. बीपीसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर मात्र अड्रेनॅलिनचा असर कमी पडू शकतो, म्हणून ती चिठ्ठी बरोबर न्यावी, डॉक्टर त्याप्रमाणं दुसरं औषध जोडतात.

एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कुणी डॉक्टर मला धरेल. ॲलर्जीच्या रसायनांनी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आवळून खराखुरा अटॅक येऊ शकतो. 1991 साली ग्रीसच्या कुनिस यांनी त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. म्हणजे गावचं "अटॅकनं गेला" क्वचित खरंही असेल.

श्वास थांबला, हाक मारून हलवूनही उठत नाही, तर छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. नाडी शोधत बसू नका. तोंडानं श्वास देता येत असेल तर 30 दाबांनंतर दोन श्वास द्या, कारण इथं रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. येत नसेल तर नुसतं दाबत राहा. दमलात तर दुसऱ्यानं हात घ्यावा. हृदय थांबलेल्याला नंतर शिरेतून औषध आणि सलाईनच्या मोठ्या बाटल्या लागतात, विहीर भरायला. ते गाडीतल्या किंवा दवाखान्यातल्या लोकांचं काम.

108 ला फोन लावल्यावर पलीकडचा माणूस बेळगावचा असेलच असं नाही, मराठी समजेलच असंही नाही. तेव्हा तीन कानडी वाक्यं पाठ असू द्या. जेनु हुळ कच्चिदे, मधमाशी चावलीय. उसिराटक्के तोंदरे आगतिदे, श्वासाला त्रास होतोय. प्रज्ञे तप्पिदे, शुद्ध गेलीय. मग गावाचं नाव, तालुका, आणि रस्त्यावरची ओळखीची खूण: देऊळ, शाळा, गिरणी. डंख किती वाजता, औषध दिलं असेल तर किती वाजता, हे कुणीतरी हातावर पेनानं लिहून ठेवावं. गोंधळात ते कुणालाच आठवत नाही.

दवाखान्यात औषध लागू पडलं की माणूस तासाभरात उठून बसतो, चहा मागतो, घरी जातो म्हणतो. सोडू नका. काही जणांना सगळं शांत झाल्यावर, कित्येक तासांनी, दुसरी लाट येते, नवा डंख नसताना. डॉक्टर रात्रभर ठेवू म्हणाले तर ठेवा, बिलाचं भांडण सकाळी करा. आणि ज्याला एकदा असं झालंय त्यानं ॲलर्जीच्या डॉक्टरला दाखवून कारण शोधून घ्यावं, खिशात एक चिठ्ठी बाळगावी, आणि घरी औषध ठेवायचं की नाही, टोचायचं कुणी, हे त्यांच्याकडून समोर बसून शिकून घ्यावं. परदेशात पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. साधं काचेचं अँप्युल मात्र मिळतं, एका प्लेट भज्यांच्या किमतीत, अर्थात डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

माझ्या दुकानात ती अँप्युलं उन्हापासून लांब, कपाटाच्या आतल्या कप्प्यात असतात. जवळच्या दोन डॉक्टरांकडं आणि आशाताईंच्या खोलीवर तेवढी आहेत का, हे मी अधूनमधून विचारतो, त्यांना आता त्याचा कंटाळा आलाय. महिन्यातून एकदा मी प्रत्येक अँप्युल उजेडात धरून बघतो. औषध पाण्यासारखं स्वच्छ असलं पाहिजे. गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली की ते काढून टाकतो, तारीख उरलेली असली तरी. गेल्या खेपेला तीन टाकली.